सिद्धाराम की रियांश? बारसं रविवारी आहे, मत द्या

चादरवाला: पुतण्या ऐन संक्रांतीत झाला, सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक चालू असताना. म्हणून दादांचा हट्ट, नाव सिद्धाराम. वहिनींना रियांश हवंय. मोबाइलवर अर्थ दाखवतात, 'सूर्याचा किरण'. अहो, किरणाला अंशू म्हणतात, अंश म्हणजे भाग. मग हा काय रियाचा भाग? सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, त्या माणसाचं नाव सोडून हे? ज्याचा अर्थ सांगता येत नाही ते नाव ठेवूच नये, असं माझं मत.

शेंगाचटणी: शंभर टक्के. आमच्या शेजारी आरव आहे. आईला कुणी सांगितलं, अर्थ 'शांत'. रव म्हणजे आवाज, कलरवातला. आरव म्हणजे सरळ आरडाओरडा. पोरगं रोज दुपारी नावाला जागतं.

बाळीवेस_कट्टा: अर्थ, अर्थ काय लावलंय? माझ्या आजोबांचं नाव दगडू. आधीची दोन भावंडं गेली, म्हणून याला नजर लागू नये. अर्थ चोख होता की! म्हातारपणीसुद्धा बँकेत पुकारा झाला की मान खाली घालून उठायचे. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुशी नावाच्या २८५ मुलींची नावं बदलली. त्यांचाही अर्थ सगळ्या गावाला कळत होता.

चादरवाला: दगडू आणि सिद्धाराम एका तागडीत घालू नका राव.

अशोकचौक: जुन्या नावात आपलं गाव दिसतं. मल्लप्पातला अप्पा कन्नड, म्हणजे वडील. आमच्या तेलुगू घरातला नरसय्या, त्यातला अय्या मानाचा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे आठवा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नुसती नावं वाचली तरी सोलापूर कळतं.

टॉवेल_कारखाना: गाव दिसतं तशी जातही दिसते की अण्णा. पुण्यात खोली बघायला गेलो, मालकानं नाव विचारलं, मग आडनाव, मग 'सांगतो उद्या'. तो उद्या अजून उगवला नाही. रियांशला अर्थ नसेल, पण त्यावरून कुणी काही ओळखत तरी नाही. माझ्या पोरीचं नाव मी मुद्दाम तसलंच ठेवलंय.

अशोकचौक: आडनाव काय खिशात ठेवणार का पोरगी?

टॉवेल_कारखाना: निम्मं तरी झाकतं ना.

हुरडा_स्पेशल: पाळण्यात सिद्धाराम, शाळेत रियांश. मिटलं की.

बाळीवेस_कट्टा: काही मिटत नाही. आमच्याकडं असं केलं. पाळण्यातलं नाव आजी गेल्यावर कुणी उच्चारलंसुद्धा नाही.

चादरवाला: इथं नवीनच उपटलंय. आमची ताई बार्शीहून फोनवर रडली. कानात कुर्रर्र करायचा मान आत्याचा, आणि नाव काय ठेवायचं हे तिला अजून कुणी विचारलंच नाही. तिनं म्हणे तिसरंच ठरवलंय.