मदत हवी आहे: तळ्याच्या ओव्हरफ्लो पाईपच्या बाजूने बांधातून गढूळ पाणी येतंय

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यात आमच्या बागेच्या खालच्या अंगाला लहान तळं आहे. अंदाजे ४० फूट लांब, ३० फूट रुंद, मध्यात सात फूट खोल. उन्हाळ्यात काजूच्या कलमांना पाणी यातूनच देतो, शिवाय रोहू-कटला सोडले आहेत. तीन बाजू खोदलेल्या, उताराच्या बाजूला तांबड्या मातीचा बांध. बांधाच्या माथ्यापासून दीड फूट खाली ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप आरपार टाकलेला आहे; जादा पाणी त्यातून पऱ्यात (ओढ्यात) जातं.

यंदा पाईपचं बाहेरचं टोक खाली झुकलंय. आधाराला ठेवलेला चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) माती धुपून सरकला. तेव्हापासून तळं तुडुंब असूनही पाईपमधून निम्मंसुद्धा पाणी पडत नाही. पाणी येतंय ते पाईपच्या फूटभर खालून, बांधाच्या बाहेरच्या अंगातून. काल बोटाएवढी धार होती, आज मनगटाएवढी आहे आणि पाणी लाल गढूळ आहे. पाईपच्या बरोबर वर, माथ्यावरची मातीही खचल्यासारखी दिसते.

खाली शेजारच्या काकांचं भाताचं खाचर आहे, लावणी नुकतीच झाली आहे. बांध गेला तर त्यांचं वर्ष जाईल, याचीच जास्त धास्ती वाटते. बाहेरचं भोक सिमेंटने बुजवावं, असं गवंडी सांगतो. करू का? पाईप आत्ताच बदलायला हवा की पाऊस सरल्यावर? जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १

ताई, बाहेरचं भोक अजिबात बुजवू नका. पाणी आत यायचं थांबणार नाही, फक्त त्याची वाट बंद होईल. मग ते बांधाच्या पोटात साठतं, माती फुगते आणि बाहेरचा उतार एकदम ढासळतो.

झिरपणारं पाणी नितळ असेल तर बांधाला फार धोका नसतो. गढूळ आहे म्हणजे ते आतली माती घेऊन येतंय, भुयार रोज मोठं होतंय. म्हणून आधी पाण्याची पातळी उतरवा, पाईपचं नंतर बघू. मोटर नसेल तरी चालेल. ७५ मिलिमीटरचा काळा पाईप बांधावरून टाका, पाण्याने पूर्ण भरून दोन्ही तोंडं बंद करा, एक तोंड तळ्यात बुडवून उघडा, मग दुसरं खाली पऱ्यात उघडा. बाहेरचं तोंड तळ्याच्या पाण्यापेक्षा खाली हवं आणि आतल्या तोंडाला जाळी हवी, नाहीतर मासे जातील. पावसाला उघडीप असेल तर दोन-तीन तासांत फूटभर पाणी उतरेल. हे पाणी बांधाच्या पायथ्याशी सोडू नका, थेट पऱ्यातल्या दगडांवर सोडा.

तोवर जिथून गढूळ पाणी येतंय तिथे जाड वाळू पसरा, तिच्यावर खडी, त्यावर डबर (मोठे दगड). पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. आणि शेजारच्या काकांना आजच सांगून ठेवा.

प्रतिसाद २

वरच्यांशी पूर्ण सहमत. मला दोन शक्यता दिसतात. एक, टोक झुकल्यामुळे बांधाच्या आतला कपलर (दोन पाईप जोडणारा सांधा) निसटला असेल. दुसरी, पाईपच्या बाहेरून, पोटाखालून पाणी वाट काढत असेल. ओळखायचं असं: पातळी पाईपच्या जरा वर असताना, उघडीप बघून, पाईपचं आतलं तोंड चिखल भरलेल्या पोत्याने थोडा वेळ बंद करा. गळती थांबली तर सांधा गेलाय. तशीच राहिली तर पाणी बाहेरून फिरतंय. पाऊस चालू असताना हे करू नका, आणि बघून झालं की पोतं काढा. खेकड्यांची बिळंही बघा. आमच्याकडे निम्म्या गळत्या तिथूनच सुरू होतात.

धागाकर्ती

मनापासून आभार. काळा पाईप मिळाला. पाणी आता ओव्हरफ्लोच्या पाईपपेक्षा दीड फूट खाली आहे आणि गढूळ धार बंद झाली. पोत्याची परीक्षाही उतरवताना करून घेतली: तोंड बंद केलं तरी गळती तेवढीच होती. म्हणजे बाहेरूनच फिरतंय ना? काकांनी स्वतः येऊन वाळू टाकायला हात लावला. आता पक्कं काम कसं करू? पाईप १६० चा घेऊ का?

प्रतिसाद १

हो, बाहेरूनच. पावसाळाभर पातळी अशीच खाली ठेवा, पाईप दिवाळीनंतर काढा. ओल्या मातीचा भराव आत्ता बसणार नाही.

चर खोदताना बाजू उभ्या ठेवू नका, उतरत्या ठेवा. उभ्या बाजूंना नवी माती चिकटत नाही. बांधातून जाणारा तुकडा सलग घ्या, सांधा आत नको. मध्यावर पाईपभोवती दोन फूट बाय दोन फुटांची काँक्रीटची कॉलर करा, म्हणजे कडेने धावणाऱ्या पाण्याची वाट अडते. गुळगुळीत पीव्हीसीला काँक्रीट धरत नाही, म्हणून तेवढा भाग पॉलिश पेपरने घासा, पाईप चिकटवायचं सॉल्व्हंट लावा आणि ओला असतानाच वाळू दाबा. माती मुठीत दाबली की लाडू व्हावा एवढीच ओली हवी. चार-चार इंचाचे थर घालून धुमसाने (माती ठोकायच्या जड ठोकण्याने) ठोका. पाईपच्या पोटाखाली धुमस पोचत नाही, तिथे लाकडाच्या दांड्याने ठासा. सगळी गळती त्याच पोकळीतून सुरू होते, तिथे मजुरांजवळ स्वतः उभ्या राहा. बाहेरचं टोक चिऱ्यांच्या पक्क्या बांधकामावर टेकवा.

१६० ने प्रश्न सुटणार नाही. तुमच्या तळ्यात वीस गुंठ्यांचं पाणी येतं असं धरू. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडून सगळा वाहून आला तर सेकंदाला २८ लिटर होतात. ११० चा पाईप, तोंडावर अर्धा फूट पाणी असताना, जेमतेम ८-९ लिटर नेतो. १६० चा त्याच्या दुप्पट. शिवाय जाळीवर काजूची पानं अडकली की तेही नाही. तीन फूट रुंद उघड्या सांडव्यावरून (जादा पाणी जायच्या वाटेवरून) अर्धा फूट पाणी गेलं तरी सेकंदाला ७०-८० लिटर निघतात. सांडवा भरावावर नको, बांधाच्या कडेला मूळ जमिनीत काढा, पाईपपेक्षा अर्धा फूट वर, तळाला चिरे. पाईप रोजच्या पाण्यासाठी, सांडवा मोठ्या सरीसाठी.

धागाकर्ती

उजव्या कडेला कातळ उघडाच आहे, सांडवा तिथेच काढते. कॉलरसाठी काँक्रीटऐवजी चिरा चालेल का? घरी भरपूर पडून आहेत.

प्रतिसाद २

नको. चिऱ्यातून पाणी झिरपतं, आणि चिरा व पाईप यांच्यात फट राहतेच. चिरे सांडव्याला वापरा.