मदत हवी आहे: चाच्यांच्या बेटांऐवजी काय घेऊ?

नमस्कार मंडळी, मी झेडपी शाळेत सहावीला शिकवते, कॉम्प्युटर एकच, म्हणून न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं सीएस अनप्लग्ड (कॉम्प्युटरशिवाय खेळांतून कॉम्प्युटर सायन्स शिकवायचे उपक्रम) वापरते. १६, ८, ४, २, १ ठिपक्यांच्या पाच कार्डांवर ० ते ३१ आकडे पोरं पटापट बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) करतात, आणि चिखलाच्या गावात कमीत कमी फरशा टाकून सगळी घरं जोडायचा खेळ तर लगेच कळला, पावसाळ्यात आमचे रस्ते तसेच असतात ना. पण फायनाइट स्टेट ऑटोमाटा (ठरावीक अवस्था आणि कुठून कुठे जायचं याचे पक्के नियम असलेलं यंत्राचं मॉडेल) शिकवायला जो समुद्री चाच्यांचा, बेटाबेटांवरून जहाजं बदलत खजिन्यापर्यंत पोचायचा खेळ आहे तिथे अडलंय, चाचे म्हणजे कोण हेच समजावण्यात तास गेला. बेटांऐवजी एसटी स्टँड घेऊ का? पण प्रत्येक बेटावरून ए आणि बी अशी दोनच जहाजं सुटतात, स्टँडवरून दोनच गाड्या म्हटलं तर पोरांना पटेल का? कोणी करून बघितलं असेल तर प्लीज सांगा, सोमवारी घ्यायचंय.