मदत हवी आहे: व्हिसेंते फॉक्स यांचं आत्मकथन आणि स्थलांतराचे आकडे

मेक्सिकोचे माजी राष्ट्राध्यक्ष (२०००–०६) फॉक्स यांचं २००७ साली आलेलं आत्मकथन त्या काळातल्या कागदपत्रांशी ताडून पाहतेय. दोन ठिकाणी गाडी अडलीये.

पहिली अडचण परदेशातून घरी येणाऱ्या पैशाची. बँको दे मेक्सिकोच्या (तिथली मध्यवर्ती बँक) नोंदीत तो २००० मध्ये सुमारे ६.६ अब्ज डॉलर, २००६ मध्ये २५ अब्जांच्या वर. पण २००२ च्या अखेरीस पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांना नोंदणी करून माहिती देणं बंधनकारक झालं. म्हणजे वाढीतला बराच भाग आधी मोजलाच जात नव्हता. (सरकारं असे आकडे खुशाल आपल्या खात्यावर मांडतात!) खरी वाढ आणि मोजणीतला फरक वेगळा काढायची पद्धत कुणी वापरलीये का? अमेरिकेतल्या मेक्सिकोत जन्मलेल्यांच्या संख्येने भागून पाहिलं, तरी २००३ ची उडी तशीच राहते.

दुसरं, फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो राज्यात फॉक्स यांच्या रांचवर (शेतवाडीवर) गेले, तेव्हाच्या संयुक्त निवेदनाचा स्पॅनिश पाठ हवाय. दोन्ही देशांतला प्रस्तावित स्थलांतर करार ११ सप्टेंबरच्या हल्ल्याने बुडाला असं सरसकट म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं, अमेरिकी सिनेटमध्ये विरोध आधीपासून होताच. स्पॅनिश जाणणाऱ्यांनी शब्दयोजना तपासून द्यावी, विशेषतः कागदपत्रं नसलेल्या कामगारांबद्दलचा परिच्छेद.