मदत हवी आहे: आईचं बायोमेट्रिक लॉक केलं तर रेशनचं काय?

नमस्कार मंडळी. आई गावी एकटी असते, वय ७१. मी पुण्यात. तिचं श्रावणबाळचं अनुदान बँकेत जमा होतं, पण बँक तालुक्याला. म्हणून ती गावातल्या केंद्रात आधारवर अंगठा देऊन पैसे काढते. मध्यंतरी तिथे तिला तीनदा अंगठा ठेवायला लावला आणि "ठसा उठत नाही, उद्या या" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी १५०० रुपये मिळाले. नंतर मी पासबुक भरून आणलं, तर दोन्ही दिवशी १५०० निघालेले. आधारच्या संकेतस्थळावर आपला ठसा कधी कधी वापरला गेला ते सहा महिन्यांपर्यंतचं दिसतं. तिथे पहिल्या दिवशीचाही ठसा यशस्वी. बँकेत लेखी तक्रार दिली आहे, त्याचा पाठपुरावा चालू आहे.

आईला संशय का आला नाही, हे मात्र सांगायला हवं. चाळीस वर्षं खुरपणी आणि ऊसतोड केल्यावर तिच्या उजव्या अंगठ्यावर रेषा जेमतेम उरल्यात, त्यात विळ्याचा जुना व्रण. रेशन दुकानात दर महिन्याला हेच होतं. ती पदराला अंगठा पुसते, दुकानदार ओलं फडकं देतो, मग डावा अंगठा, मग मधलं बोट. बिचारा खटपट करून धान्य देतो. त्यामुळे ठसा उठला नाही असं कुणी म्हटलं की तिला ते खरंच वाटतं. मशीनवर काय उमटलं ते तिला वाचता येत नाही.

आता तिच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करायचा विचार आहे, म्हणजे तिचा ठसा कुणालाच वापरता येणार नाही. पण लॉक केलं की बोटं, डोळे, चेहरा सगळंच बंद होतं, म्हणजे बँकेतले पैसे वाचवायचे तर रेशन दुकानातल्या ई-पॉसवरचं (अंगठ्याच्या मशीनवरचं) रेशन अडणार. तात्पुरतं उघडता येतं, पण त्याला फोनवर येणारा ओटीपी लागतो. तिच्या आधारला नंबर माझा आहे आणि माझ्या कंपनीत शिफ्टमध्ये फोन आत नेता येत नाही.

शाळेत आधारचा कॅम्प लागला तेव्हा तिने दहाही बोटं दिली, ती रेशनसाठी म्हणून. त्याच बोटांनी खात्यातले पैसे निघतील, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०१८च्या निकालाने खाजगी कंपन्यांना आधार मागायला अटकाव केला, पण सरकारी लाभांसाठी ते कायम ठेवलं. म्हणजे आईसारख्या माणसाला नाही म्हणायची सोयच नाही. ठसा जुळला नाही म्हणून कुणाचा लाभ जाणार नाही, असं सरकारने त्याच खटल्यात सांगितलं होतं. मग दुसरी वाट दुकानात लेखी लावलेली का नसते? मला याचा फार त्रास होतो.

जाणकारांनी कृपया सांगा: लॉक न करता, फक्त आधारवरून पैसे काढणं बँकेकडून कुणी बंद करून घेतलंय का? आमच्या शाखेत "असं काही नसतं" म्हणाले. अर्जात नेमकं काय लिहिलंत? आणि लॉक असताना कुणाला ओटीपीवर रेशन मिळतंय का? मिळत असेल तर तालुका सांगा, तहसीलच्या पुरवठा शाखेत मला तो दाखला देता येईल.

आमच्याकडे धान्य साधारण १० तारखेला येतं. त्याआधी ठरवायचं आहे.