मदत हवी आहे : सैन्यातून निवृत्त झाल्यावर शहरात मैत्री कशी जोडावी?

सर्वांना नमस्कार. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर, मुलांच्या शिक्षणासाठी साताऱ्याजवळचे गाव सोडून मी पुण्यात स्थायिक झालो आहे. पलटणीत बॅरेक, लंगर आणि सकाळची पीटी यांतून मैत्री आपोआप जुळत असे. येथे मात्र सोसायटीतील मंडळी अदबीने ‘फौजी साहेब’ म्हणतात आणि तेवढ्यावरच थांबतात. (या आदराचा कधीकधी अडसरच होतो.)

सीएसडी कॅन्टीनमध्ये (सैनिकांसाठीच्या सवलतीच्या दुकानात) आणि ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात माजी सैनिक भेटतात, परंतु बोलणे निवृत्तिवेतन, ‘स्पर्श’ या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवरील हयातीची नोंद आणि औषधे यांपलीकडे क्वचितच जाते. शिवाय मला केवळ फौजेतल्याच नव्हे, तर वेगळ्या व्यवसायांतील, वेगळ्या विषयांवर बोलणाऱ्या माणसांशीही स्नेह जोडायचा आहे.

गडकिल्ल्यांवरील श्रमदान, वेताळ टेकडीवर पहाटे फिरणारे गट किंवा एखादे भजनी मंडळ, यांपैकी कोठे चाळिशी ओलांडलेल्या नवख्याला सहज सामावून घेतले जाते? आपणांपैकी जे स्वतः, किंवा ज्यांच्या घरातील कोणी, या टप्प्यातून गेले असेल, त्यांनी जुजबी ओळखीचे रूपांतर घरोब्यात कसे झाले, हे कृपया सविस्तर सांगावे.