बॉडी (नुसता कॅमेरा) बदलू की लेन्स घेऊ? (नाटकाचे फोटो, अंधुक उजेड)

विंगेतली

मंडळी, नमस्कार. आमचा हौशी नाटकाचा ग्रुप आहे. मी मूळची नेपथ्याकडची, पण "तुझ्याकडे कॅमेरा आहे ना?" या एका वाक्यावर फोटोंचं काम कायमचं माझ्या गळ्यात पडलं. आता ते मनापासून आवडायला लागलंय, म्हणून हा प्रश्न.

कॅमेरा कॅनन २००डी. लेन्स दोन, १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटरच्या (आकडा मोठा तसं दृश्य जवळ). रंगीत तालमीत आणि प्रयोगात फोटो काढते, पुढच्या रांगांमधून, पात्रांपासून साधारण सहा मीटरवरून. फ्लॅशचा अर्थातच प्रश्न नाही. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ठेवूनही शटर १/६० सेकंदाच्या वर जात नाही. पात्र निश्चल उभं असेल तर निभावतं. हात उचलला किंवा मान वळवली की चेहरा पुसलाच. सावलीत रंगीत दाणे दिसतात ते वेगळंच. त्यात शटरचा आवाज. शांत प्रसंगात 'खटॅक' झालं की दिग्दर्शक मागे वळून बघतो, आणि ते बघणं मला परवडत नाही.

पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. मनात कॅननचाच ईओएस आर८ भरलाय, सोबतच्या २४-५० लेन्ससकट. फुल फ्रेम आहे (प्रतिमा टिपणारा सेन्सर मोठा), आवाज बंद करता येतो, बॅटरीसुद्धा माझ्या २००डीचीच चालते. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "बॉडी येते-जाते, लेन्स राहते." ऐकून ऐकून कान किटले. हे माझ्या कामाला लागू पडतं का, तेवढं कोणी तरी नीट सांगा.

घारीची_नजर

बॉडी. डोळे झाकून बॉडी.

मी पक्ष्यांचे फोटो काढतो, नाटकाचं मला कळत नाही, पण फोकसचं कळतं. २००डीच्या व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकसचे नऊ बिंदू मिळतात आणि त्यातला मधला एकच क्रॉस टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा). म्हणजे अंधारात भरवसा त्या एकट्यावर. मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, आर८ तसाच) गेलात की कॅमेरा डोळा स्वतः शोधतो आणि माणूस चालत असला तरी सोडत नाही. एसएलआर (आरशाचा कॅमेरा) सोडल्यापासून फोकस हुकलेले फोटो मी क्वचितच पुसतो. आवाजाचा प्रश्नही मिटला. आणखी काय हवं?

काळा_पडदा

घारसाहेब, आपली घार उन्हात उडते हो. इथे दिवे मंद होतात आणि माणूस अंधारात रडतो.

ताई, माझं मत लेन्स. पण "लेन्स राहते" वगैरे कारणासाठी नाही. तुमच्या मनातला जो संच आहे, त्याचं गणित मांडून बघितलं म्हणून.

फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या साधारण अडीचपट. त्याचा फायदा होतो सुमारे सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), पण कधी? तीच चौकट, तेवढ्याच ॲपर्चरवर (लेन्स जितकी उघडते त्यावर), पूर्ण सेन्सरभर घेतलीत तर. आता आर८ सोबतची २४-५० बघा. ५० ला तिचं ॲपर्चर एफ ६.३ (एफचा आकडा मोठा तसा उजेड कमी), म्हणजे आज वापरताय त्याहून अंधारी. शिवाय सहा मीटरवरून फुल फ्रेमवर ५० ची चौकट चार मीटरहून रुंद येते. निम्मा रंगमंच. त्यातून दोन माणसांचा कमरेपासून वरचा भाग हवा म्हणून कापलात, तर २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम सव्वातीन हातात राहतात. आणि कापलं की मोठ्या सेन्सरचा फायदाही कापलाच, कारण ज्या भागावर उजेड गोळा केला तोच फेकून दिला.

"मग माझी ५५-२५० अडॅप्टर (जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारी कडी) लावून वापरेन" असं म्हणाल. लागते, चालतेही छान. पण ती ईएफ-एस लेन्स, छोट्या सेन्सरसाठी केलेली. आर८ तिला ओळखतो आणि आपोआप मधलाच भाग वापरतो. उरतात साडेनऊच्या आत मेगापिक्सेल. फुल फ्रेम विकत घेऊन २००डीएवढाच सेन्सर वापरायचा, असा तो व्यवहार आहे.

आता दुसरी बाजू. तुमची ५५-२५० नव्वदीच्या आसपास साधारण एफ ५ देते. तिच्या जागी ८५ एफ १.८ लावली तर पूर्ण तीन स्टॉप मिळतात, म्हणजे आठपट उजेड. त्यातले दोन स्टॉप शटरला द्या, १/६० चं १/२५० होईल. उरलेला एक आयएसओला द्या, ६४०० चं ३२००. चेहरा पुसला जाणं आणि दाणे, दोन्ही तक्रारी एकाच लेन्सने कमी झाल्या, तेही आहे त्याच बॉडीवर. बॉडीत इमेज स्टॅबिलायझेशन असलं तरी हलणाऱ्या माणसाला ते थांबवत नाही. ते तुमच्या हाताचं कापणं सांभाळतं, नटाचं नाही. तसंही आर८ च्या बॉडीत ते नाहीच.

आणि एक गोष्ट खटकली. ६४०० ला, एफ ५ ला, जेमतेम १/६०? नाटकाचे दिवे मंद असतात मान्य, पण सगळ्याच प्रसंगांत इतके नसतात. तुमच्या मागे काळा पडदा आहे ना? (माझं नाव उगाच नाही ठेवलेलं.) कॅमेऱ्याचं मीटर सगळी चौकट मोजतं, त्याला तीन चतुर्थांश काळं दिसतं, आणि ते काळं करडं करायच्या नादात शटर लांबवतं. परिणाम असा की चेहरा पांढराफटक येतो, वर हललेलाही. पैसे खर्च करण्याआधी एका तालमीत एवढं करा. मॅन्युअल मोडवर जा, मीटरिंग (उजेड मोजणं) स्पॉटवर, म्हणजे मधल्या छोट्या भागापुरतं ठेवा, ॲपर्चर जितकं उघडतं तितकं उघडा, आणि उजेडातल्या चेहऱ्यावरून शटर ठरवा. फोटो परत बघताना कपाळ काळं-पांढरं लुकलुकायला लागलं की समजायचं, अजून एक टप्पा वेगवान करायला वाव आहे. पडदा काळाच राहू द्या. तो काळाच असतो.

जुने फोटो संगणकावर उघडून फोकल लेंथही बघा. तुम्ही सगळ्यात जास्त कुठे असता, ७० ला, १०० ला की २०० ला? लेन्स त्यावर ठरते. माझ्या आवडीवर नाही.

विंगेतली

काळा_पडदा, तालमीत करून बघितलं. भर उजेडाच्या प्रसंगांत त्याच ६४०० ला शटर १/१२५ च्या पुढे गेलं, आणि चेहऱ्यावरचा रंग पहिल्यांदाच रंगासारखा दिसला. आमच्या म्हाताऱ्याच्या भूमिकेत पांढरी दाढी लावलेला मुलगा आहे. आजवर त्याची दाढी म्हणजे नुसता पांढरा ठिपका यायचा. आता केस सुटे दिसतायत. डिंकाची कडही दिसतेय, त्यावर मेकअपवाली नाराज आहे.

पण निळ्या उजेडाचा शेवटचा प्रसंग आहे, तिथे मात्र १/६० च्या वर गेले की सगळं काळवंडतं. तिथे मीटरचा दोष नाही, उजेडच नाही.

फोकल लेंथ चाळली. बहुतेक फोटो ७० ते १०० मध्ये. २०० च्या पुढे अगदी तुरळक, तेही कंटाळा आला म्हणून काढलेले दिसतात. १८-५५ फक्त शेवटी सगळे रांगेत उभे राहतात तेव्हा.

जुना_काचवाला

मग ८५ च. कॅननची ईएफ ८५ एफ १.८ यूएसएम १९९२ पासूनची आहे, वापरलेली सहज मिळते. उद्या आर८ घेतलात तरी अडॅप्टरवर चालेल, आणि ही ईएफ (मोठ्या सेन्सरसाठीची) असल्यामुळे फुल फ्रेम पूर्ण भरेल, तुमच्या ५५-२५० सारखी कापली जाणार नाही.

वापरलेली घेताना एवढं नक्की करा. दोन्ही बाजूंची झाकणं काढा, लेन्स डोळ्यासमोर तिरकी धरा आणि पलीकडून मोबाइलचा टॉर्च मारा. बारीक धूळ दिसेल, तिला घाबरू नका, फोटोत ती येत नाही. पण आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरलेले दिसले तर ती बुरशी, सरळ परत ठेवा. मग कॅमेऱ्यावर लावून एफ ८ ला आणि एफ १.८ ला, दोन्हीकडे फोटो काढून बघा. फोकसची रिंग फिरवताना कुठे अडकत नाही ना, तेही.

दोष सांगायला हवा. १.८ ला पांढऱ्या कपड्याच्या कडेला, मागे अंधार असला की जांभळी किनार येते. २.२ किंवा २.५ ला बरीच कमी होते. स्टॅबिलायझेशन नाही, पण १/२५० ला त्याचं कोणी नावही काढत नाही.

घारीची_नजर

सगळं ठीक, पण एक कोणी बोलतच नाहीये. १.८ ला फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे रेखीव येणारं अंतर, किती उरते? सहा मीटरवर, ८५ ला, तुमच्या सेन्सरवर जेमतेम एक फूट, थोडं जास्तच म्हणा. दोघं बोलतायत आणि एक जण हातभर मागे असला तर त्याचा चेहरा गेला. आणि तो एक फूट पकडायला तोच मधला एकुलता बिंदू. कॅमेरा थोडा पुढे किंवा मागे फोकस करत असेल, तर २००डीमध्ये तो फरक जुळवायची सोयही नाही. म्हणून म्हणतो, वेगवान लेन्सला फोकसही तसाच लागतो. मी अजून बॉडीवर ठाम आहे.

काळा_पडदा

मुद्दा रास्त आहे, उडवून लावणार नाही. दोघांचा प्रसंग असेल तर २.८ ला या, खोली दीड फुटाच्या वर जाते, आणि एफ ५ पेक्षा तरीही जवळजवळ पावणेदोन स्टॉप पदरात राहतात. बाकी नाटकात बहुतेक वेळा बोलणाऱ्याचाच चेहरा हवा असतो. ऐकणारा धूसर असला तर बिघडत नाही. (ऐकणाऱ्या नटाला हे सांगू नका.)

पुढे-मागे फोकस पडतोय का, ते घरीच तपासता येतं. पुस्तकाचं पान तिरकं ठेवा, एका ओळीवर एकदा व्ह्यूफाइंडरमधून फोकस करा, एकदा लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघून). लाइव्ह व्ह्यूत २००डी सेन्सरवरूनच फोकस करतो, त्यामुळे तिथे ही गडबड नसते. दोन्हीत तीच ओळ रेखीव आली तर निर्धास्त राहा. नाही आली तर ती लेन्स घेऊ नका, दुसरी बघा. तालमीत प्रेक्षक नसतात, तिथे खुशाल लाइव्ह व्ह्यू वापरा. प्रयोगात स्क्रीन मागच्यांच्या डोळ्यांवर येतो, तिथे व्ह्यूफाइंडर.

आवाजाला मात्र लेन्सकडे उत्तर नाही. तिथे घारसाहेबांचंच खरं. २००डीमध्ये सायलेंट मोड आहे, पण आरसा हलायचा तो हलतोच, आवाज नुसता दबतो. फक्त एवढं ध्यानात ठेवा की मिररलेसचं पूर्ण निःशब्द शटरही फुकट येत नाही. एलईडी दिवे मंद केलेले असले की त्यात फोटोवर आडवे पट्टे उमटू शकतात. आवाजच मुख्य अडचण असेल तर बॉडी घ्या, पण मग २४-५० सोबत नको. नुसती बॉडी, अडॅप्टर आणि वापरलेली ८५. सहा मीटरवरून फुल फ्रेमवर ८५ ची चौकट अडीच मीटरची होते, म्हणजे तुम्हाला पुढे सरकावं लागेल किंवा थोडं कापावं लागेल.

विंगेतली

ठरलं. ८५ घेते, वापरलेली, टॉर्च घेऊन जाते. आवाजाचं असं केलंय की निःशब्द प्रसंगांचे फोटो फक्त तालमीत काढायचे. दिग्दर्शक लगेच कबूल झाला, जरा जास्तच लगेच.

घारसाहेब, तुमचं ऐकलं नाही असं समजू नका. पुढची पाळी बॉडीचीच, पण ८५ लावायला.

शेवटचा प्रश्न. बाजूचे स्पॉट थेट लेन्सवर येतात, फोटो पांढुरके होतात. हूड (लेन्सपुढे लावायची सावलीची कड) लागेल का, आणि माझी जुनी झाकणं चालतील?

जुना_काचवाला

हूड लागेलच, आणि या लेन्ससोबत तो येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. ईटी-६५ थ्री मागा. झाकणं चालतील, तुमच्या दोन्ही लेन्स आणि ही, तिन्ही ५८ मिलिमीटरच्याच. पुढे यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर प्रयोगात काढून ठेवा. समोरून येणाऱ्या स्पॉटचं हिरवं भूत (परावर्तनाचा ठिपका) बहुधा त्या काचेतूनच उमटतं.