मुंबई शहर उत्तर लोकसभा मतदारसंघ (१९५२ ते १९६२): निकाल वाचताना अडचण

जुनीमुंबई:
या बंद झालेल्या मतदारसंघाचा तक्ता करतोय. १९५२ ला दोन विजयी उमेदवार दिसतात: विठ्ठल बाळकृष्ण गांधी १,४९,१३८ आणि नारायण सदोबा काजरोळकर १,३८,१३७, दोघेही काँग्रेसचे. पण समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांना १,३९,७४१ मतं आहेत, म्हणजे काजरोळकरांपेक्षा जास्त, तरी ते पराभूत. डॉ. आंबेडकर १,२३,५७६, कम्युनिस्ट पक्षाचे डांगे ९६,७५५. हा क्रम कसा लागला? दुसरं म्हणजे, १९५७ ला याच नावाखाली एकदम कृष्ण मेनन येतात आणि आधीचं कोणीच दिसत नाही. हा एकच मतदारसंघ धरायचा का?

मतपेटी:
आधी पहिला प्रश्न. १९५२ ला हा द्विसदस्य मतदारसंघ होता: एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. देशात तेव्हा असे ८६ मतदारसंघ होते, शिवाय उत्तर बंगालचा एक तीन सदस्यांचा. प्रत्येक मतदाराला दोन मतं, आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांनाच द्यायची. दोन्ही सर्वसाधारण उमेदवारांना दिली तरी चालत, दोन्ही राखीव उमेदवारांना दिली तरी चालत.

निकाल दोन पायऱ्यांत लागायचा. आधी राखीव उमेदवारांपैकी सर्वांत जास्त मतं कोणाला ते बघून राखीव जागा भरायची. मग उरलेल्या सगळ्यांत, राखीव प्रवर्गातल्यांसह, जो वर तो दुसऱ्या जागेवर. त्यामुळे काजरोळकरांची बरोबरी मेहतांशी नव्हतीच. त्यांना फक्त राखीव उमेदवारांत पहिलं यायचं होतं. मेहतांना मात्र गांधींना मागे टाकावं लागत होतं, तिथे ते ९,३९७ मतांनी कमी पडले.

दुसऱ्या पायरीतला तो 'सगळ्यांत' शब्द महत्त्वाचा आहे. १९५७ ला आंध्रातल्या पार्वतीपुरम इथे याच नियमाने दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांना गेल्या आणि व्ही. व्ही. गिरी पडले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिथेही निकाल कायम राहिला.

आकडेमोड:
वरच्या उत्तरात एक भर. लोक १९५२ ची लढत 'आंबेडकर विरुद्ध काजरोळकर, फरक १४,५६१' अशी सांगतात. आकडा बरोबर आहे, पण लढत जोड्यांची होती. काँग्रेसची जोडी गांधी–काजरोळकर, समोर समाजवादी आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन यांची युती, म्हणजे मेहता–आंबेडकर. आता जोडीतला फरक काढा. काँग्रेसचा ११,००१, युतीचा १६,१६५. काँग्रेसची दुसरी मतंही गळली, पण युतीची जास्त गळली. आंबेडकरांना मेहतांइतकीच मतं पडली असती तर ते काजरोळकरांच्या १,६०४ पुढे असते आणि राखीव जागा त्यांची होती. इतक्या कमी फरकाने हा निकाल फिरला, आणि प्रत्येक वेळी फक्त १४,५६१ सांगितलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

सावधानता एवढीच की बेरजेवरून कोणी कोणाची जोडी केली हे कळत नाही. मेहतांना मत देणाऱ्याने दुसरं मत डांगेंना दिलं, काजरोळकरांना दिलं की दिलंच नाही, हे आकडे सांगत नाहीत.

वाया गेलेल्या मतांचा मुद्दा इथेच येतो. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असायची: काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, फेडरेशनचा हत्ती. मतदाराला दोन कोऱ्या पत्रिका मिळायच्या, त्या आडोशामागे दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत पडल्या की एकच धरली जायची. इथे बाद मतं सत्तर हजारांहून जास्त होती, म्हणजे विजयाच्या फरकाच्या चौपटीहून अधिक. दुसरं मत मुद्दाम वाया घालवण्याचा प्रचार झाला असा आरोप करत आंबेडकर आणि मेहता यांनी निकालाविरुद्ध निवडणूक याचिका केली होती, ती फेटाळली गेली.

तक्त्यासाठी: मतदानाची टक्केवारी काढताना एकूण मतांना थेट मतदारसंख्येने भागू नका. प्रत्येकाची दोन मतं असल्याने आकडा फुगतो. निम्मं करूनही अंदाजच मिळतो, कारण काहींनी एकच मत दिलेलं असतं.

गिरणगाव_ते_गोरेगाव:
दुसरा प्रश्न: एकच धरू नका. नाव तेच, जमीन वेगळी. १९५२ चा 'शहर उत्तर' म्हणजे जुन्या शहराचा उत्तर भाग, परळ–दादरचा गिरणी पट्टा. उपनगरांचा 'मुंबई उपनगर' हा मतदारसंघ वेगळा होता, तिथून जयश्री रायजी निवडून आल्या. १९५७ च्या फेररचनेत 'शहर उत्तर' हे नाव उपनगरांकडे गेलं आणि गिरणी पट्टा 'मुंबई शहर मध्य' झाला, तोही द्विसदस्य. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत तिथून डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळुजी माने आले. १९५२ च्या निकालाची पुढची कडी हवी असेल तर ही घ्या.

१९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले. १९६२ ला 'मध्य'चे 'मध्य उत्तर' आणि 'मध्य दक्षिण' झाले आणि अनुक्रमे काजरोळकर आणि वि. बा. गांधी, म्हणजे १९५२ चीच जोडी, पुन्हा लोकसभेत गेली.

जुनीमुंबई:
हे फार उपयोगी पडलं, आभार. मग मेनन यांची ओळ कुठे संपवायची?

गिरणगाव_ते_गोरेगाव:
'शहर उत्तर' नावाखाली दोनच नोंदी: १९५७ ला पीटर अल्वारिस यांच्याविरुद्ध आणि १९६२ ला आचार्य कृपलानींविरुद्ध, दोन्ही विजय. १९६७ ला हे नावच गेलं. मेनन 'मुंबई ईशान्य'मधून अपक्ष लढले, काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. निकालानंतर लगेच बर्वे वारले, पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवलं. १९७७ चा 'मुंबई उत्तर' (मृणाल गोरे) हा नव्या रचनेतला आहे, तो या ओळीला जोडू नका.

मतपेटी:
पुढे भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक घेणार असाल तर तीही द्विसदस्यच होती. तिथे मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले आणि आंबेडकर राखीव जागेवर पडले. जोडीतला फरक काढायची वरची रीत तिथेही लावून बघा.